दांडी

तोरणमाळच्या वसतिगृहात चार्ज घेतला तेव्हा
यादीत होतं: सतरंज्या बेचाळीस, घंटा एक,
भिंतीतली लोखंडी शेगडी एक, दांडीसह.

शहाद्याच्या इद्रिस मिस्त्रीने बसवलेली ती,
जुन्या ट्रकच्या पत्र्याची.
दाराची बिजागरी कुठल्याशा मोडक्या कपाटाची.
आत धुराला दोन वाटा.
एक सरळ वर, धुराड्यात.
दुसरी लांबची, मुलींच्या खोलीच्या भिंतीतून
तीन वळणं घेऊन मग वर.
दोन्हींच्या मधे एक झडप
आणि झडपेची दांडी बाहेर, वीतभर,
टोकाला सायकलचं पायडल.

सुपडू आप्पा, शिंदखेड्याचे, स्वयंपाकी,
पहिल्या संध्याकाळी एवढंच म्हणाले,
"धूरले पहिले वाट द्या मॅडम, मंग काम सांगा."
मी वहीत लिहून घेतलं:
ओढली की सरळ. ढकलली की लांब.

डिसेंबरात, रात्री दीडला,
लाकूड टाकायला उठले.
झोपेतच दार उघडलं.
दांडी आत होती, ढकललेली.
तीन वळणांत रांगेने उभा असलेला सगळा धूर
मागे फिरला आणि माझ्या तोंडावर आला.
बेचाळीस मुली खोकत व्हरांड्यात,
अंगाला सतरंज्या, पायाखाली गवत करकरतंय,
दवाचं बर्फ झालेलं.
तेव्हा ठुमली,
जूनपासून जी कुणाशी बोलली नव्हती,
कंदिलात माझा चेहरा बघून हसली.
माझी डावी भुवई जळली होती.

दुसऱ्या रात्री भीतीने
दांडी बाहेरच ठेवली. ओढलेली.
काय जाळ होता! धुराडं बुंध्याशी लालबुंद,
आत वारा भरल्यासारखा घूं घूं आवाज.
धावड्याचे पाच ओंडके, सकाळपर्यंत पुरायचे,
ते तीन वाजता राख.
आणि भिंत गार. हात लावला तर
विहिरीचा दगड.
सकाळी आप्पांनी चहा ओतला, राखेकडे पाहिलं,
"चांदण्यासले थंडी वाजत व्हती का, मॅडम?"

आता असं आहे.
खालून ट्रॅक्टरने आलेल्या पऱ्हाट्या आधी,
त्यावर तुराट्या, त्यावर खैराची ढलपी.
दांडी बाहेर. काडी.
धूर सरळ जातो, काही बोलत नाही त्याला कुणी.
ओंडके धरतात, सालीचा तडतडाट थांबतो,
जाळ पिवळ्याचा भगवा होतो,
मग फडकं घेऊन पायडल धरायचं
आणि ढकलायचं, पण कधी?
हे वहीत नाही.

ठुमलीला येतं.
शेगडीशी उकिडवी बसते, कान दाराकडे,
आणि म्हणते, "आत्ता."
मी ढकलते.
आत खट्ट होतं, जाळ क्षणभर बसतो, परत उठतो,
आणि धूर भिंतीत शिरतो
डबा घेऊन शाळेत जाणाऱ्यासारखा, मुकाट.
ती मग खोलीत पळते, भिंतीला तळवा लावते.
दुसरं वळण पोचलं की परत येऊन
एक बोट वर करते. नुसतं बोट.

पहिल्या दिवशी मी तिला आठ प्रश्न विचारले होते.
पाडा, बापाचं नाव, भाऊ किती,
घरी का रडत होतीस, अजून का रडतेस,
रजिस्टरमधे आठही रकाने कोरे.
आता लाकूड घालायच्या आधी
दांडी ओढून मी वीसपर्यंत मोजते.
तीही मोजते, तिच्या भाषेत,
माझ्या वीसच्या आधी तिचं संपतं.

मार्चमधे शेगडी विझली.
मेमधे चुना मारायला धडगावचा रंगारी आला.
मुलींच्या खोलीत, लहान मुलीच्या खांद्याइतक्या उंचीवर,
भिंतीला एक काळपट, गुळगुळीत डाग.
त्याने खरवडणी काढली.
आप्पा दारातून ओरडले,
"ऱ्हाऊ दे रे, थर्मामीटर शे ते!"